शेवटची सर्व्हिस

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 15:36-41, 2 तीमथ्य 4:9-11



बेंगळुरू शहरात महात्मा गांधी मार्गाजवळ संत मार्काच्या नावाचे एक जुने उपासनामंदिर आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, 1812 साली ते बांधून पूर्ण झाले. त्याच्या शेजारून जाणारा रस्ताही सेंट मार्क्स रोड म्हणूनच ओळखला जातो. नोकरीनिमित्त या शहरात येऊन मला आता बरीच वर्षे झाली. आठवड्यातून दोनदा तरी माझी बस त्या रस्त्याने जाते. परंतु ज्याच्या नावाने हे मंदिर उभे आहे, तो तरुण एकदा अर्ध्या वाटेवरून माघारी फिरला होता, ही गोष्ट बसच्या खिडकीतून तो घुमट पाहताना मला कधीही आठवली नव्हती. ती आठवावी म्हणून मला एक सामना हरावा लागला. आणि सामन्यापेक्षाही अधिक काही हरावे लागले. त्याविषयी आज आपल्याशी मोकळेपणाने बोलावे असे मनात आहे.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. आमच्या गावी मंडळीच्या आवारात बाभळीचे दोन खांब रोवलेले असत व त्यांना एक जुने, ठिकठिकाणी गाठी मारलेले जाळे बांधलेले असे. दिवस मावळण्यापूर्वी शेतावरून परतलेली माणसे, शाळामास्तर, पाळकसाहेब, सगळे तेथे जमत आणि चेंडू दिसेनासा होईपर्यंत व्हॉलीबॉल चाले. ती आवड बरोबर घेऊन मी येथे आलो. येथील एका मंडळीच्या तरुण संघातील मुलांना दर शनिवारी संध्याकाळी मी हा खेळ शिकवू लागलो. घरी कोणी कन्नड बोलणारे, कोणी तमिळ, कोणी तेलुगू. एकमेकांशी सर्व भाषांची खिचडी. माझ्या कन्नडला ती मुले हसत, पण 'सर' म्हणून मान देत.

हा खेळ ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत जन्मास आला, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात होलिओक नावाचे गाव आहे. तेथील वाय.एम.सी.ए.मध्ये शारीरिक शिक्षण देणारे विल्यम मॉर्गन यांनी 1895 साली तो योजिला. चार वर्षांपूर्वी, 1891 मध्ये, जवळच्याच स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल काढला होता; तोही वाय.एम.सी.ए.चाच. पण दिवसभर कचेरीत व दुकानात बसणाऱ्या प्रौढ गृहस्थांना त्यातली धक्काबुक्की झेपेना. तेव्हा मॉर्गन यांनी दोन्ही पक्षांच्या मध्ये उंच जाळे बांधले, म्हणजे कोणी कोणाच्या अंगावर जाऊ नये. आपल्याकडे 1920 साली मद्रासेस हॅरी क्रो बक यांनी वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले, आणि तेथे तयार झालेल्या शिक्षकांनी असे खेळ शाळांतून रुजविण्यास मोठा हातभार लावला.

या खेळाचा एक नियम मला नेहमी मंडळीच्या जीवनासारखा वाटतो. येथे चेंडू कोणालाही धरून ठेवता येत नाही. एकदा हात लावला की तो दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो, आणि तीन स्पर्शांत तो पलीकडे गेला पाहिजे. एकट्याच्या पराक्रमास फारशी जागाच नाही. अपवाद फक्त सर्व्हिसचा. सर्व्हिस करणारा मागच्या रेषेबाहेर एकटा उभा राहतो. पंचाची शिटी वाजली की त्याला आठ सेकंद मिळतात, आणि त्या आठ सेकंदांत त्याला कोणाचीही मदत होऊ शकत नाही. बाकीचे पाच जण त्याच्याकडे पाठ करून उभे असतात.

2023 सालच्या मार्च महिन्यात आमच्या मुलांना या खेळाचे जणू वेडच लागले होते. प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये 'बेंगळुरू टॉर्पिडोज' हा शहराचा संघ अंतिम सामन्यास पोहोचला होता. 5 मार्च रोजी कोची येथे तो सामना झाला. पहिले दोन सेट अहमदाबादच्या संघाने घेतले, पुढचे दोन बेंगळुरूने खेचून आणले, आणि पाचवा अहमदाबादने जिंकला. तीन विरुद्ध दोन. दुसऱ्या दिवशी मुले जणू आपणच हरल्यासारखी बोलत होती. "सर, आपण असं होऊ द्यायचं नाही," असे त्यांतला एक मुलगा मला म्हणाला. सतरा वर्षांचा, अंगाने सडपातळ, बोलण्यात मितभाषी. त्याच मुलाची गोष्ट मी सांगत आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शहरातील काही मंडळ्यांच्या तरुण संघांचे सामने झाले व आम्ही अंतिम सामन्यास पोहोचलो. सामन्यापूर्वी मुलांना गोल बसवून मी पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील नवव्या अध्यायाचा शेवट वाचून दाखविला. शर्यतीत धावतात सगळे, पण बक्षीस एकालाच मिळते, हा तो भाग. त्यावर मी पाच मिनिटे आवेशाने बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, हे बरेच आहे.

सामना पाच सेटपर्यंत गेला. पाचवा सेट पंधरा गुणांचा असतो. आम्ही बारा-चौदा असे मागे होतो, तेव्हा एक अशक्य वाटणारा चेंडू आमच्या कर्णधाराने जमिनीलगत उचलला आणि आम्हांला गुण मिळाला. तेरा-चौदा. सर्व्हिस आमची, पाळी त्या मुलाची. चेंडू हातात घेऊन त्याने माझ्याकडे पाहिले. चेंडू सावकाश पलीकडे टाकावा की नेट धरून मारावा, एवढेच त्याला विचारायचे होते. मी मूठ आवळून ओरडलो, "जोरात मार!"

त्याने जोरात मारली. चेंडू जाळ्याच्या वरच्या पट्टीवर आदळला, क्षणभर तेथेच रेंगाळल्यासारखा वाटला, आणि आमच्या बाजूला पडला.

मुले खाली मान घालून बाहेर आली. तो माझ्यासमोरून जाऊ लागला तेव्हा सर्वांच्या देखत, मुलांच्या आईबापांच्या देखत, मी म्हणालो, "एवढी एक सर्व्हिसही जाळ्यापलीकडे जाईना तुझ्याच्याने?" तो काही बोलला नाही. उपविजेतेपदाचा चषक घेताना काढलेल्या छायाचित्रात तो नाही.

पुढच्या शनिवारी तो खेळायला आला नाही. रविवारी तरुण संघाच्या सभेलाही नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही.

वाचकहो, मोठ्या फरकाने झालेल्या पराभवास कोणी एक धनी नसतो. सगळेच कमी पडले, असे म्हणून माणसे घरी जातात. परंतु थोडक्यात हुकले की आपल्याला लगेच एक अपराधी हवा असतो, आणि तो शोधायला लांब जावे लागत नाही. ज्याच्या हातून शेवटची चूक झाली तो समोरच उभा असतो. दोन-चार गुणांनी वैद्यकीय प्रवेश हुकलेल्या मुलाला आपण कोणत्या शब्दांत बोलतो, हे प्रत्येकाने आपल्या घरात आठवून पाहावे. मंडळीत एखादे काम शेवटच्या क्षणी फिसकटले की सभेच्या इतिवृत्तात कोणाचे नाव येते, तेही आठवावे.

त्या दिवसांत एका रात्री मी सामन्याचा गुणतक्ता काढून बसलो. प्रामाणिकपणे सांगतो, त्या मुलाचा दोष कागदावर पक्का करावा एवढ्याच हेतूने बसलो. पाच सेटचे आकडे असे होते : 22-25, 25-16, 23-25, 25-17, 13-15. सहज बेरीज केली. आमचे एकूण गुण 108, त्यांचे 98. दहा गुण अधिक मिळवून आम्ही हरलो होतो. हल्लीच्या नियमाने प्रत्येक चेंडूवर गुण मिळतो, आणि पहिल्या सेटमधील पहिल्या गुणाचे मोल शेवटच्या गुणाइतकेच असते. फक्त तो गुण कोणाला आठवत नाही. मग मी वाया गेलेल्या सर्व्हिस मोजल्या. चौदा. त्यांत कर्णधाराच्या चार होत्या. त्या मुलाच्या दोन. आणि पाचव्या सेटमध्ये माझ्या हक्काची एक विश्रांती मी मागितलीच नव्हती. अकरा-अकरा असताना थकलेली मुले तीस सेकंद श्वास घेऊ शकली असती. माझे ओरडणे मात्र कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नव्हते. ते मी मनातून खोडून टाकले होते. त्याला 'जोरात मार' असे मीच सांगितले, हे तीन आठवडे मी कोणालाच, प्रार्थनेतदेखील, सांगितले नव्हते.

त्याच रात्री तो करिंथकरांस पत्राचा भाग मी पुन्हा उघडला. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन सामने भरत. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता, आणि त्याचे वाचक त्या सामन्यांशी चांगले परिचित होते. ग्रीकांच्या अशा मोठ्या सामन्यांत पानांचा मुकुट पहिल्यालाच मिळे. दुसऱ्याची कोणी गणतीच करीत नसे. पिंडार नावाच्या त्यांच्या प्राचीन कवीने, हरलेली मुले आडगल्ल्यांनी तोंड लपवीत घरी कशी जातात, याचे वर्णन केले आहे. पौल हे जग जाणून आहे, पण तो तेथेच थांबत नाही. न कोमेजणारा मुकुट एकालाच मिळेल, बाकीचे रिकाम्या हाताने जातील, असे तो म्हणत नाही. तो सर्वांनाच धावायला सांगतो. आणि अध्यायाच्या अखेरच्या वचनात तो कोणाविषयी भय व्यक्त करतो? खेळाडूविषयी नव्हे. दुसऱ्यांना घोषणा करून सांगणारा आपणच अपात्र ठरू नये, हे त्याचे भय आहे. सामन्यापूर्वी मी ते वचन मोठ्याने वाचले होते. ते माझ्यासाठी होते, हे मला तेव्हा कळले नाही.

आता आजच्या शास्त्रभागाकडे वळू. योहान ज्याला मार्क म्हणत, तो यरुशलेमेतील मरीया नावाच्या स्त्रीचा मुलगा. तिच्या घरी मंडळी प्रार्थनेस जमत असे. बर्णबाचा तो नातलग. पौल व बर्णबा पहिल्या फेरीस निघाले तेव्हा हा तरुण मदतनीस म्हणून बरोबर गेला, आणि पंफुल्यातील पिर्गा येथून त्यांना सोडून घरी परतला. का परतला? लूक सांगत नाही. ताप आला, डोंगराची वाट पाहून धीर सुटला, आईची आठवण झाली, की आणखी काही, याविषयी टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पवित्र लेखकाने मात्र त्या तरुणाची अब्रू राखली आहे, असे मला वाटते.

पुढे दुसऱ्या फेरीची वेळ आली. बर्णबा म्हणाला, मार्काला नेऊ. पौल म्हणाला, काम अर्ध्यावर टाकून गेला त्याला नेणे योग्य नाही. दोघांत इतका तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले. पौल सीलाला घेऊन निघाला. बर्णबा मार्काला घेऊन तारवात बसला आणि कुप्रास गेला. हा भाग आपण वाचतो तेव्हा बहुधा पौलाबरोबर पुढे जातो, कारण पुस्तकही पौलाबरोबर पुढे जाते. पण थोडे थांबून पाहा. त्या वचनानंतर प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाचे नाव पुन्हा येत नाही. तोवर तो मंडळीचा मोठा आधारस्तंभ होता. यरुशलेमेतील शिष्य पौलाला भीत होते, तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा बर्णबाच होता. आणि आता एका माघारी फिरलेल्या मुलासाठी तो इतिहासाच्या त्या पानावरून खाली उतरला. मार्क पुढे कामाचा निघेल याची त्याला कोणी हमी दिली नव्हती.

पुष्कळ वर्षांनी, बंदिवासात, पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी त्याचा मला उपयोग आहे. पौलाने आपला शब्द फिरविला, आणि तो लेखी फिरविला. हे लहान काम नव्हे. आपल्यापैकी जे घरात वा मंडळीत वडीलकीच्या जागी आहेत, त्यांनी आपला एखादा निर्णय चुकला असे लेखी कधी दिले आहे काय?

परंपरा असे मानते की हाच मार्क पुढे पेत्राच्या सहवासात राहिला आणि दुसरे शुभवर्तमान त्यानेच लिहिले. त्या शुभवर्तमानात एक लहानशी गोष्ट आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेजवळचा तरुण स्त्रियांना निरोप देतो. तो निरोप शिष्यांसाठी आहे, पण त्यात पेत्राचे नाव वेगळे घेतलेले आहे. मत्तय व लूक यांच्या वृत्तान्तांत तेथे पेत्राचे नाव नाही. मार्काने ते जपले. पेत्र शिष्यांपैकीच एक होता. वेगळे नाव घेण्याची काय गरज? ज्याने अंगणातील शेकोटीजवळ तीनदा नाकारले, त्याला 'शिष्य' या शब्दात आपण अजून मोडतो की नाही, हे कळत नसते. एकदा वगळला गेलेल्या माणसाला हे अचूक समजते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट. अशा प्रसंगी आपण चटकन म्हणतो, आजचा पराभव उद्याच्या विजयाची पायरी आहे. कधी तसे होतेही. ज्या टॉर्पिडोजचा मी वर उल्लेख केला, त्यांनी 2025 च्या ऑक्टोबरात हैदराबादेत मुंबईच्या संघाला सरळ सेटमध्ये हरवून विजेतेपद मिळविले. आनंद झाला. पण आमची ती मुले पुन्हा कधी अंतिम सामन्यास पोहोचली नाहीत. काही शिक्षणास बाहेर गेली, काही नोकरीस लागली. पुढे जिंकणारच आहे म्हणून हरलेल्याला जवळ करायचे असेल, तर ते जवळ करणे नव्हे. तो व्यवहार झाला. बर्णबा तारवात बसला तेव्हा मार्क केवळ माघारी फिरलेला मुलगा होता.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मी लिंगराजपुरममधील त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने स्टीलच्या पेल्यातून कॉफी आणली. "मनगट दुखतं म्हणून येत नाही म्हणतो, सर," ती म्हणाली. म्हणजे त्याने घरी काहीच सांगितले नव्हते. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. वाटेत मी काय बोलायचे ते कन्नडमध्ये जुळवून ठेवले होते. त्यातले अर्धेच आठवले. मी म्हणालो, "जोरात मार, असं मी सांगितलं होतं. चूक माझी होती. आणि वर सगळ्यांसमोर मी तुलाच बोललो."

"मला माहीत आहे, सर," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण मारली मीच."

आई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागली. मी त्याला विचारले, "मला क्षमा करशील का?" हे शब्द मी आयुष्यात माझ्याहून लहान माणसाला प्रथमच उच्चारीत होतो. तो अवघडला. जमिनीकडे पाहत म्हणाला, "कॉफी थंड होतेय, सर."

त्या शनिवारी तो आला नाही. मी मात्र जाळे बांधण्यापूर्वी बाकीच्या मुलांना बसवले आणि शेवटच्या सर्व्हिसच्या वेळी मी काय ओरडलो होतो, ते सांगितले. मला वाटले होते, ती चकित होतील. कोणी चकित झाले नाही. काही वेळाने कर्णधार म्हणाला, "आम्ही ऐकलं होतं, सर. सगळ्यांनीच ऐकलं होतं." तीन आठवडे ती मुले हे जाणून होती, आणि मी दर शनिवारी त्यांच्यापुढे प्रार्थना करीत होतो.

त्याच्या पुढच्या शनिवारी पाऊस भुरभुरत होता. आम्ही सुरुवात केल्यानंतर तो फाटकातून आत आला. कोणी काही बोलले नाही. कर्णधाराने नुसता चेंडू त्याच्याकडे टाकला. त्याने तो पँटला पुसला, मागच्या रेषेबाहेर गेला, आणि सवयीने माझ्याकडे पाहिले. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून गप्प उभा राहिलो.